बंदुकीची बातमी आणि बातमीचा कल

१६ जानेवारी २००२. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील ग्रंडी हे एक लहानसे गाव. तेथील विधी महाविद्यालयात, शैक्षणिक अपयशामुळे काढून टाकण्यात आलेल्या एका विद्यार्थ्याने पिस्तुलातून गोळ्या झाडून अधिष्ठाता, एक प्राध्यापक आणि एक विद्यार्थिनी यांचे प्राण घेतले. आणखी तिघे जखमी झाले. इमारतीबाहेर आलेल्या हल्लेखोराला काही विद्यार्थ्यांनी जमिनीवर लोळवून पकडून ठेवले. दुसऱ्या दिवशीच्या बहुसंख्य बातम्यांत विद्यार्थ्यांच्या धाडसाचा उल्लेख होता. मात्र, त्यांपैकी दोघांनी आपापल्या मोटारीतून स्वतःची पिस्तुले आणली होती, हा तपशील फार थोड्या ठिकाणी छापून आला.

शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे पुरस्कर्ते संतापले. बंदुकीमुळे प्राण वाचल्याची बातमी माध्यमांनी मुद्दाम दडवली, असा आरोप झाला आणि पुढे कित्येक वर्षे ग्रंडीचा दाखला दिला जाऊ लागला. पण त्या दाखल्यातही बरेच काही गाळलेले होते. पिस्तुले आणणारे दोघेही विद्यार्थी पोलीस सेवेशी संबंधित, म्हणजे प्रशिक्षित होते. शिवाय हल्लेखोराशी प्रथम झटापट करणारा विद्यार्थी निःशस्त्र होता आणि त्याच्या सांगण्यानुसार हल्लेखोराने पिस्तूल आधीच खाली ठेवले होते. घटना एकच, पण तिच्या दोन कहाण्या झाल्या आणि दोन्ही अपुऱ्या राहिल्या. बंदूक आणि शस्त्रनियंत्रण या विषयावरील वार्तांकनाचा अभ्यास करताना हे उदाहरण लक्षात ठेवावे. या क्षेत्रातील पक्षपात धादांत असत्यातून क्वचितच येतो. काय निवडले, काय गाळले आणि कोणता शब्द वापरला, यांतून तो बहुधा प्रकट होतो.

वादाची पार्श्वभूमी

अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ साली संमत झाली. सुनियंत्रित नागरी सैन्यदलाचा उल्लेख करून ती लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण देते. हा हक्क नागरी सैन्यापुरता की प्रत्येक व्यक्तीचा, हा वाद दीर्घकाळ चालला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तो अमर्याद नाही, हेही त्याच निकालात नमूद आहे. २०२२ सालच्या 'ब्रुएन' निकालाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला, तर २०२४ सालच्या 'रहिमी' निकालाने कौटुंबिक हिंसाचाराबद्दल न्यायालयाचा मनाई आदेश असलेल्या व्यक्तीला शस्त्रबंदी करणारा कायदा वैध ठरवला. हेलर निकालाच्या बातमीत हक्काचा भाग मथळ्यात आला आणि मर्यादेचा भाग तळाशी गेला, की एक कल तयार होतो. क्रम उलटा केला की दुसरा.

अमेरिकी समाजाची विभागणीही येथे समजून घ्यावी लागते. 'प्यू रिसर्च सेंटर'च्या २०२३ सालच्या पाहणीनुसार सुमारे ३२ टक्के प्रौढांनी आपल्या मालकीची बंदूक असल्याचे सांगितले. ग्रामीण भागात हे प्रमाण ४७ टक्के, तर शहरी भागात २० टक्के होते. राष्ट्रीय वृत्तपत्रांची आणि वाहिन्यांची मुख्य कार्यालये प्रामुख्याने न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे आहेत. तेथील वार्ताहराची बंदुकीशी गाठ पडते ती बहुधा गुन्ह्याच्या बातमीत. मोंटानातील शेतकऱ्याच्या घरी मात्र ती शिकारीचे, रानटी जनावरांपासून रक्षणाचे साधन म्हणून पिढ्यान्‌पिढ्या असते. त्यामुळे कोणताही कट नसताना केवळ अनुभवाच्या अंतरामुळे बातमी एका अंगाला झुकू शकते.

शब्दांचा पक्षपात

पहिला पक्षपात परिभाषेत असतो. चाप दाबून धरला असता एकामागून एक गोळ्या सुटत राहतात, ते स्वयंचलित शस्त्र. प्रत्येक गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो, ते अर्धस्वयंचलित. १९३४ पासून मशीनगनवर कडक केंद्रीय निर्बंध आहेत आणि मे १९८६ नंतर तयार झालेली नवी मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही. अमेरिकेतील दुकानांत सर्रास विकल्या जाणाऱ्या एआर-१५ पद्धतीच्या रायफली अर्धस्वयंचलित असतात. यातील 'एआर' ही अक्षरे 'आर्मालाइट रायफल' या मूळ उत्पादकाच्या नावावरून आली आहेत. ती 'असॉल्ट रायफल'ची आद्याक्षरे असल्याचा समज अनेक बातम्यांनी पसरवला.

१९९४ साली दहा वर्षांसाठी जी 'असॉल्ट वेपन' बंदी आली, तिच्यात काही शस्त्रांची नावे दिलेली होती. इतर रायफली मात्र संगीन बसविण्याची सोय, पिस्तुलासारखी मूठ, नळीच्या तोंडाशी ज्वाला लपविणारे उपकरण अशा वैशिष्ट्यांवरून ठरत. दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरही बंदी होती. बंदीची मुदत सप्टेंबर २००४ मध्ये संपली. त्याआधी मे २००३ मध्ये सीएनएन वाहिनीने बंदी असलेल्या आणि नसलेल्या रायफलींतील फरक दाखविणारे प्रात्यक्षिक प्रक्षेपित केले. त्यातून दोहोंच्या मारकशक्तीत मोठी तफावत असल्याचा आभास निर्माण झाला. आक्षेप आल्यानंतर वाहिनीला चूक मान्य करून दुरुस्ती दाखवावी लागली.

शब्दांचा खेळ एकाच बाजूने होतो असे नाही. शस्त्र उद्योगाच्या संघटनेने २००९ पासून याच रायफलींसाठी 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' असे सौम्य नाव रुळविण्याचा प्रयत्न केला. नियंत्रणवाद्यांनीही 'कंट्रोल'ऐवजी 'सेफ्टी' हा शब्द पुढे आणला. 'हँडगन कंट्रोल' ही प्रमुख संस्था २००१ मध्ये 'ब्रेडी कँपेन' झाली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२२ साली आपल्या भाषाविषयक नियमावलीत 'असॉल्ट रायफल' आणि 'असॉल्ट वेपन' हे शब्द अतिशय राजकीय झाल्याचे नमूद करून ते टाळण्याची आणि 'अर्धस्वयंचलित रायफल' असे लिहिण्याची सूचना केली. जगभरची वृत्तपत्रे ज्या संस्थेच्या बातम्या वापरतात, तिला हे करावेसे वाटले, यातच प्रश्नाचे गांभीर्य दिसते.

आकड्यांचा पक्षपात

२०२१ साली अमेरिकेत सामूहिक गोळीबाराच्या किती घटना घडल्या? 'गन व्हायोलन्स अर्काइव्ह' या संस्थेनुसार सुमारे ६९०. केंद्रीय अन्वेषण संस्था एफबीआयच्या 'अॅक्टिव्ह शूटर' यादीत ६१. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार बरोबर आहेत. पहिल्या संस्थेच्या मते हल्लेखोर वगळता चार किंवा अधिक व्यक्तींना गोळी लागली, की ती घटना सामूहिक गोळीबार ठरते. कोणी दगावलेच पाहिजे असे नाही, आणि टोळीयुद्ध वा घरगुती भांडणही त्यात येते. एफबीआयची यादी गजबजलेल्या ठिकाणी माणसे मारण्याचा सक्रिय प्रयत्न करणाऱ्यांपुरती आहे. मोठा आकडा आणि शाळेतील हत्याकांडाचे छायाचित्र शेजारी छापले, की प्रत्येक घटना तशीच होती असा वाचकाचा समज होतो. लहान आकडाच तेवढा सांगितला, तर गरीब वस्त्यांतील शेकडो घटना अदृश्य होतात.

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत १७ जणांची हत्या झाली, तेव्हा 'या वर्षातील ही अठरावी शालेय गोळीबाराची घटना' असे वाक्य जगभर पसरले. 'एव्हरीटाउन' या नियंत्रणवादी संस्थेच्या त्या मोजणीत, बंद पडलेल्या एका शाळेच्या आवारात मोटारीत झालेल्या आत्महत्येचाही समावेश होता. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन पोस्टने या आकड्याची चिकित्सा करून तो चुकीचा ठरवला. त्याच वर्षी केंद्रीय शिक्षण खात्याने २०१५-१६ या शैक्षणिक वर्षात जवळपास २४० शाळांत गोळीबार झाल्याचे म्हटले. एनपीआर या सार्वजनिक रेडिओने शाळांशी प्रत्यक्ष संपर्क साधला, तेव्हा केवळ ११ घटनांची खात्री पटली. चुका दुरुस्त करणारीही वृत्तमाध्यमेच होती, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे.

दुसऱ्या बाजूचा आवडता आकडा पंचवीस लाखांचा आहे. नागरिक वर्षाकाठी तितक्या वेळा स्वसंरक्षणार्थ बंदूक वापरतात, असा निष्कर्ष गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ साली दूरध्वनी पाहणीवरून काढला. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या राष्ट्रीय पाहणीतून मात्र हाच अंदाज लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतो. मोजण्याच्या पद्धतीतील फरक न सांगता यांपैकी कोणताही एकच आकडा छापणे म्हणजे निकाल आधीच देणे होय.

कोणाचे मरण बातमी ठरते?

सर्वांत खोल पक्षपात कोणत्याही छावणीचा नाही. तो बातमी या संकल्पनेचाच आहे. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीमुळे ४६ हजार ७२८ मृत्यू झाले. त्यांपैकी २७ हजार ३०० आत्महत्या होत्या आणि १७ हजार ९२७ हत्या. म्हणजे दर दहांतील सुमारे सहा मृत्यू आत्महत्येचे. सामूहिक गोळीबारात बळी पडणाऱ्यांचे प्रमाण, व्यापक व्याख्या घेतली तरी, एकूण मृत्यूंच्या एक-दीड टक्क्याच्या घरात राहते. वार्तांकनात मात्र हे प्रमाण नेमके उलटे असते.

शस्त्रांबाबतही तसेच. एफबीआयच्या २०२० सालच्या आकडेवारीत ज्या हत्यांची माहिती उपलब्ध होती, त्यांत ५९ टक्के प्रकरणी पिस्तूल वा रिव्हॉल्वर वापरले गेले होते. सर्व प्रकारच्या रायफली मिळून ३ टक्के. एक तृतीयांशाहून अधिक प्रकरणांत शस्त्राचा प्रकार नोंदलेलाच नव्हता, हे गृहीत धरले तरी चित्र फारसे बदलत नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र चित्र रायफलीचे असते.

याची किंमत मोठी आहे. घरात हाताशी बंदूक असेल तर निराशेच्या एका क्षणाचे रूपांतर मृत्यूत होण्याचा धोका वाढतो, हे संशोधनातून वारंवार दिसले आहे. बंदूक कुलपात ठेवणे, संकटकाळी ती घराबाहेर हलविणे, या उपायांवर दोन्ही बाजूंचे बरेच लोक सहमत होऊ शकतात. पण ज्या मृत्यूंची चर्चाच होत नाही, त्यांच्यावरील उपायांचीही होत नाही. आत्महत्येची बातमी देताना संयम पाळावा, हा संकेत योग्यच आहे. परंतु वैयक्तिक घटनेबद्दलचा संयम आणि आकडेवारीबद्दलचे मौन यांत फरक आहे.

संपादनाची कात्री

२०१६ साली 'अंडर द गन' हा माहितीपट आला. निर्मात्या आणि निवेदिका होत्या ख्यातनाम पत्रकार केटी कौरिक. व्हर्जिनियातील शस्त्रहक्कवादी गटाला त्यांनी प्रश्न विचारला की, पार्श्वभूमीची तपासणीच नसेल तर गुन्हेगार आणि दहशतवादी यांना बंदूक घेण्यापासून कसे रोखणार? पडद्यावर सारे सदस्य आठ-नऊ सेकंद निरुत्तर बसलेले दिसतात. मूळ ध्वनिमुद्रण बाहेर आले, तेव्हा त्यांनी लगेच उत्तरे दिल्याचे स्पष्ट झाले. कौरिक यांनी चुकीची जबाबदारी स्वीकारली. मानहानीचा दावा न्यायालयात टिकला नाही. मात्र, माध्यमे आपले म्हणणे ऐकतच नाहीत, अशी ज्यांची खात्री होती, त्यांच्या हाती आयता पुरावा आला.

न्यूयॉर्क राज्यातील 'जर्नल न्यूज' या दैनिकाने डिसेंबर २०१२ मध्ये दोन परगण्यांतील पिस्तूल परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशासह संकेतस्थळावर टाकले. माहिती कायदेशीर मार्गाने मिळवलेली होती. पण कायद्याने वागणाऱ्या नागरिकांना गुन्हेगारांच्या यादीप्रमाणे मांडल्याचा संताप उसळला. धमक्या आल्या, दैनिकाला कार्यालयावर सशस्त्र पहारेकरी नेमावे लागले आणि जानेवारीत नकाशा काढून घेण्यात आला.

अशा वार्तांकनाचा परिणाम अनेकदा उलटाच होतो. १८७१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनविषयीच्या वार्तांकनाचा अभ्यास ब्रायन अँस पॅट्रिक यांनी २००२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रमुख वृत्तपत्रांत या संघटनेला इतर दबावगटांपेक्षा अधिक प्रतिकूल वागणूक मिळते, आणि प्रतिकूल प्रसिद्धी वाढली की तिची सभासदसंख्याही वाढते, असे त्यांना आढळले.

हक्कवाद्यांची माध्यमे

मुख्य प्रवाहातील माध्यमांवर टीका करणाऱ्यांची स्वतःची माध्यमेही आहेत आणि त्यांचे माप वेगळे लावता येणार नाही. 'माध्यम संशोधन केंद्रा'सारख्या पुराणमतवादी संस्थेने २००० साली वाहिन्यांवरील नियंत्रणवादी बातम्या विरोधी बातम्यांच्या जवळपास दहापट असल्याचे म्हटले. पण कोणती बातमी कोणत्या बाजूची, हे ठरवणारी संस्था स्वतः एका बाजूची होती. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी २००३ साली याच पक्षपातावर पुस्तक लिहिले. नागरिकांनी शस्त्र बाळगल्याने गुन्हे घटतात, हा त्यांचा मूळ सिद्धान्त मात्र राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००४ सालच्या अहवालात पुरेशा पुराव्याने सिद्ध झालेला मानला गेला नाही. हक्कवादी प्रकाशनांत त्या अहवालाला फारशी जागा मिळाली नाही.

नियंत्रणवाद्यांच्या बाजूलाही असाच डाग आहे. इतिहासकार मायकेल बेलसाइल्स यांच्या 'आर्मिंग अमेरिका' या २००० सालच्या ग्रंथाने, सुरुवातीच्या अमेरिकेत बंदुका दुर्मीळ होत्या असा दावा केला. नामवंत नियतकालिकांनी त्याचे स्वागत केले, मानाचे बॅनक्रॉफ्ट पारितोषिकही मिळाले. पुराव्यांत गंभीर दोष आढळल्यावर २००२ साली ते काढून घेण्यात आले. मनासारखा निष्कर्ष समोर आला की पडताळणीची धार बोथट होते, हा धडा दोन्ही बाजूंनी घ्यावा असा आहे.

या साऱ्याचे सर्वांत विदारक टोक म्हणजे सँडी हुक. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकट राज्यातील या शाळेत २० बालके आणि ६ प्रौढ मारले गेले. ही घटना शस्त्रबंदी आणण्यासाठी रचलेले नाटक असल्याचा प्रचार अॅलेक्स जोन्स याने आपल्या कार्यक्रमातून वर्षानुवर्षे केला. मुले गमावलेल्या आई-वडिलांना अनोळखी लोकांचा छळ सोसावा लागला. २०२२ साली न्यायालयांनी जोन्सविरुद्ध एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाईचे निकाल दिले. चुकीचे संपादन आणि शोकाकुल पालकांना खोटे ठरविणे या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. समतोलाच्या नावाखाली तसे करणे हाही एक पक्षपातच ठरेल.

आपल्याकडील बातमी

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. मृतांत भारतीय वंशाचे एक प्राध्यापक आणि मुंबईची एक विद्यार्थिनी होती. त्या दिवसापासून हा विषय मराठी घरांसाठी परका राहिलेला नाही. हल्लेखोराने एनबीसी वाहिनीला स्वतःची चित्रफीत पाठवली आणि वाहिनीने ती दाखवली, यावरही मोठा वाद झाला. त्याने वापरलेली दोन्ही शस्त्रे पिस्तुले होती. न्यायालयाने त्याला मानसिक उपचारांचा आदेश दिला होता, तरी ती नोंद केंद्रीय यादीत न पोहोचल्याने तो तपासणीतून सुटला. बंदुकीपेक्षा नोंदीतील त्रुटी हीच येथे खरी बातमी होती, आणि तिच्यावर २००८ च्या जानेवारीत कायदाही झाला.

मराठी मथळ्यांत अशा प्रसंगी 'माथेफिरूचा बेछूट गोळीबार' हे शब्द ठरलेले असतात. हल्लेखोराची कोणतीही वैद्यकीय माहिती हाती नसताना 'माथेफिरू' म्हणणे म्हणजे कारण आधीच सांगून टाकणे. दोष बंदुकीचा नसून मनोविकाराचा आहे, हा अमेरिकेतील एका बाजूचा ठरलेला युक्तिवाद आहे, याची जाणीव तो शब्द लिहिणाऱ्याला बहुधा नसते. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. त्यांच्यावरही हा शब्द अन्याय करतो. 'अमेरिकेत बंदूक किराणा मालासारखी मिळते' हे वाक्य दुसऱ्या बाजूला झुकते. परवानाधारक दुकानदाराला ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी लागते. अनेक राज्यांत खासगी व्यक्तींमधील विक्रीला मात्र ती अट नाही. दोन्ही वाक्ये मिळून चित्र पूर्ण होते.

अशी बातमी वाचताना वाचकाने चार प्रश्न मनाशी बाळगावेत. आकडा कोणी मोजला आणि कोणत्या व्याख्येने? शस्त्राचे नाव अचूक आहे की केवळ भयावह? दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिच्याच शब्दांत आले आहे का? आणि ज्यांच्याविषयी एक ओळही छापून आली नाही, असे त्या दिवशी किती जण गेले? २०२३ सालच्या आकड्यांवरून दिवसाची सरासरी काढली, तर एकूण मृत्यू १२८ येतात. त्यांपैकी सुमारे ७५ जणांनी स्वतःचाच जीव घेतलेला असतो.